पूर्वरंगाविना उत्तररंग

कीर्तनाचा पूर्वरंग जमला नाही, तर उत्तररंगात बुवांनी कितीही आवाज चढविला तरी श्रोते जांभया देतात, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. हॉलिवूडच्या धनाढ्य निर्मात्यांना मात्र हा धडा चीनमध्ये जाऊन गिरवावा लागला. गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग काढावा आणि जगभरातून गल्ला गोळा करावा, हा त्यांचा जुना शिरस्ता. परंतु चीनमध्ये असे काही उत्तरभाग अमाप चालले, तर तितकाच गाजावाजा झालेले दुसरे काही साफ पडले. असे का व्हावे?

‘स्टार वॉर्स’चेच उदाहरण घ्या. १९७७ साली पहिला भाग अमेरिकेत गाजला, तेव्हा चीन सांस्कृतिक क्रांतीच्या वणव्यातून नुकता बाहेर पडत होता. सामान्य चिनी प्रेक्षकापर्यंत ती कथा पोचलीच नाही. त्यामुळे जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या नव्या भागाने सुमारे १२ कोटी डॉलर मिळविले. पण २०१८ मध्ये पुढचा भाग ४ कोटींवर आणि २०१९ अखेरचा शेवटचा भाग २ कोटींच्या आसपास घसरला. ज्या वृद्ध नायकांना पाहून अमेरिकन प्रेक्षकाचे डोळे पाणावतात, त्यांच्याशी चिनी तरुणाची ओळखच नव्हती.

याउलट ‘फ्युरियस ७’ने २०१५ मध्ये चीनमध्ये सुमारे ३९ कोटी डॉलर कमावले, उत्तर अमेरिकेतील कमाईपेक्षाही हे अधिक. २००९ पासून चीन ही जगातील सर्वांत मोठी मोटारींची बाजारपेठ बनली होती. घराण्यातील पहिली मोटार दारात उभी करणाऱ्या पिढीला भरधाव गाड्यांचे आणि मित्रांनाच कुटुंब मानणाऱ्या नायकाचे आकर्षण वाटले, यात नवल नाही. त्या मालिकेतील पॉल वॉकर हा नट २०१३ मध्ये अपघातात मृत्यू पावला होता. त्याला दिलेला पडद्यावरील निरोप भाषेच्या पलीकडचा ठरला.

‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’चेही तेच. २००८ मध्ये ती चित्रमालिका सुरू झाली आणि त्याच दशकात चीनमध्ये हजारो नवी चित्रपटगृहे उभी राहिली. २०१८ अखेर पडद्यांची संख्या ६०,००० वर गेली. प्रेक्षक आणि मालिका एकत्रच वाढली. म्हणूनच २०१९ मध्ये एकट्या चीनने या चित्रपटाला ६० कोटी डॉलरहून अधिक दिले. पुढे फेब्रुवारी २०२३ पर्यंत काही वर्षे मार्व्हलच्या एकाही नव्या चित्रपटाला तिथे प्रवेश मिळाला नाही. दार पुन्हा उघडले तेव्हा प्रेक्षक पांगला होता. तुटलेला धागा जाहिरातींनी सांधला गेला नाही.

चिनी चेहरे दाखविले की काम भागते, असाही एक समज होता. २०१३ मध्ये ‘आयर्न मॅन ३’च्या चिनी आवृत्तीत तेथील कलावंतांची दृश्ये खास घुसडण्यात आली, चित्रपट चालला, पण त्या दृश्यांची थट्टाच झाली. उलट ‘झूटोपिया’मध्ये असा कोणताही देखावा नसताना २०१६ मध्ये त्यातील ससा आणि कोल्हा चिनी मुलांनी आपलेसे केले. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये २०२३ मध्ये त्यांची नगरीच वसली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसरा भाग आला आणि त्याने अमेरिकेपेक्षा चीनमध्ये अधिक कमाई केली. तीही अशा वर्षी, की ज्या वर्षी एप्रिलमध्ये व्यापारयुद्धाच्या भरात चीन सरकारने अमेरिकन चित्रपटांची आयात कमी करण्याचे जाहीर केले होते.

त्याच २०२५ च्या प्रारंभी ‘न झा’ या चिनी पुराणकथेवरील चित्रपटाच्या दुसऱ्या भागाने सुमारे २०० कोटी डॉलरचा पल्ला गाठला. म्हणजे चिनी प्रेक्षक हॉलिवूडवर भाळलेला नाही. जी कथा त्याच्या आयुष्यात रुजली, तिच्याकडेच तो परत जातो.

सरकारला चित्रपटगृहाचे दार बंद करता येते आणि भांडवलदाराला पडदा विकत घेता येतो. प्रेक्षकाचे मन मात्र या दोघांच्याही ताब्यात नाही. ते स्वतंत्र आहे, याचा आम्हांस आनंद वाटतो.