जुने जेट घ्यायचे, तर आधी दप्तर उघडा

जमीन घेताना आपल्याकडची वडीलधारी मंडळी आधी उतारा मागतात. मालक कोण, बोजा कुणाचा, हे कळल्याशिवाय इसार द्यायचा नाही. अमेरिकेत लांब पल्ल्याचे वापरलेले बिझनेस जेट घेतानाही थेट हेच चालते. आपल्यापैकी बहुतेकांना असे विमान घेण्याचा योग नाही (आलाच तर मंडळाची देणगी विसरू नका!), पण अभियांत्रिकी, कायदा किंवा अकाउंट्स शिकणाऱ्या मुलामुलींनी हा व्यवहार जरूर समजून घ्यावा.

गल्फस्ट्रीम जी५५० चे उदाहरण घेऊ. जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात तयार होणारे हे विमान २००३ मध्ये प्रमाणित झाले आणि २०२१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. एका उड्डाणात ते सुमारे १२,५०० किलोमीटर जाते, म्हणजे लंडनहून न थांबता सिंगापूर. आता नवे मिळत नाही, म्हणून बाजारात येते ते वापरलेलेच.

पाहायला गेलेला माणूस खुर्च्यांच्या कातड्यावर भाळतो. जाणकार नोंदवह्या मागतो. इंजिनात फिरणाऱ्या मुख्य चकत्यांचे आयुष्य ठरलेले असते आणि ते उड्डाणांच्या फेऱ्यांवर मोजतात. चकती कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनची नोंद सलग हवी. मधली कागदपत्रे गहाळ असतील, तर चकती कितीही धडधाकट दिसो, तिचे उरलेले आयुष्य सिद्ध होत नाही आणि ती बदलावी लागू शकते. एका फाइलपायी सौदा फिसकटतो तो असा.

“फार उडालेलेच नाही हो” या वाक्यावरही भुलू नये. उभ्या विमानाची रबरी सीलं सुकतात, सांध्यांत गंज धरतो. शिवाय काही तपासण्या तासांवर नसून कॅलेंडरवर चालतात. जी५५० ची ९६ महिन्यांची तपासणी त्यातलीच, खर्चिक आणि काही आठवडे खाणारी. ती नुकतीच झाली आहे की तोंडावर आली आहे, यावर भाव बराच हलतो. दोन्ही इंजिने रोल्स-रॉइसची. दर तासाला ठरावीक रक्कम भरून त्यांच्या दुरुस्तीची हमी देणारी योजना असते. ती चालू असलेल्या विमानाला गिऱ्हाईक लवकर मिळते.

बोलणी जमली की अनामत रक्कम त्रयस्थ एस्क्रो कंपनीकडे ठेवतात आणि विमान तपासणीला जाते. बारीक कॅमेरा इंजिनाच्या पोटात घालून पाती पाहतात. उड्डाणाच्या सुरक्षिततेला बाधक दोष निघाले, तर ते दुरुस्त करण्याचा खर्च बहुतेक करारांत विक्रेत्यावर असतो. सोफ्यावरचा डाग मात्र घासाघिशीचा विषय.

मालकी आणि बोजा पाहायचा तो ओक्लाहोमा सिटीत. अमेरिकेतल्या नागरी विमानांची सरकारी नोंदवही तिथे आहे. शेवटच्या दिवशी सगळे पक्ष एकाच फोनवर येतात. विमान ठरल्या विमानतळावर उभे आहे, याची खात्री होते, एस्क्रोवाला पैसे सोडतो आणि विक्रीपत्र लगेच नोंदणीला जाते.