पाव मैल आणि क्राउन-पिनियन

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावरचा पाव मैल, ४०२ मीटर. अमेरिकेतली १९७०ची शेव्हरले शेव्हेल एसएस ४५४ घ्या: एलएस६ इंजिन, ५६०० आरपीएमला ४५० अश्वशक्ती, तीन गिअरचा ऑटोमॅटिक. मागच्या अ‍ॅक्सलला क्राउन-पिनियन ३.३१चं बसवायचं की ४.१०चं?

४.१०मध्ये पिनियनला १० दात, क्राउनला ४१. चाकांवर जोर ३.३१पेक्षा जवळजवळ २४ टक्के जास्त. पण खरी मेख शेवटच्या रेषेवर आहे. २६ इंची टायर, तिसरा गिअर, ताशी १६० किलोमीटर: ३.३१वर इंजिन ४२५०च्या आसपास रेंगाळतं, ४.१०वर ५२५०च्या पुढे जातं, टॉर्क कन्व्हर्टरच्या घसरणीमुळे आणखी थोडं वर. म्हणजे रेषा ओलांडताना इंजिन ऐन भरात.

सुटताना हाच कन्व्हर्टर टॉर्क दुपटीच्या आसपास नेतो, म्हणून ऑटोमॅटिकला मॅन्युअलइतका टोकाचा आकडा सहसा लागत नाही. तरी हौसेला मोल नसतं. साध्या रस्त्याच्या टायरवर ४.१०हून चढा आकडा बसवणारे बहुधा धूरच काढतात!

याच गाडीने घरी परतायचं असेल, तर ओव्हरड्राइव्ह नाही: ४.१०वर ताशी १०० किलोमीटरला सुमारे ३३०० आरपीएम, कानठळ्या आणि पेट्रोलचं बिल.