आधी कवटी, मग डोळे
भोपाळच्या अशोका गार्डनमधल्या कुणाला व्यक्तिशिल्प शिकायचं असेल, तर त्याने एकदा धारला जाऊन यावं. वसईत जन्मलेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके तिथेच स्थिरावले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. व्यक्तिशिल्प घडवताना नवशिका सळईवर शाडू चढवतो न चढवतो तोच डोळे कोरायला बसतो, आणि तिथेच फसतो. आधी हवा कवटीचा घेर, मानेचा कल, कानाची जागा. साम्य तर नाकडोळ्यांत असतं, असं कुणी म्हणेल. पण ओळखीचा माणूस आपण पाठमोराही ओळखतोच की! शिवाय डोळ्यांची रेषा डोक्याच्या साधारण निम्म्या उंचीवर येते. नवशिका ती हमखास वर चढवतो आणि कपाळ खुजं होतं. ओल्या फडक्याखाली माती मऊ असेतो सगळं बदलता येतं. पण पापण्या कोरून झाल्यावर त्या मोडायला हात धजत नाही.