घराचे वायरिंग बदलताना

घर रंगवायचे ठरले की आपण रंगाच्या छटा चार-चार वेळा पाहतो. वायरिंग बदलायचे असेल तर मात्र बहुधा ‘किती पॉइंट आणि किती रुपये?’ एवढेच विचारतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वायरिंग झाले तेव्हा अनेक घरांत काही दिवे, दोन पंखे आणि एक इस्त्री असे. आज त्याच तारांवर गीझर, वातानुकूलक, वॉशिंग मशीन यांचा भार पडतो. तो भिंतीआडच्या तारेला पेलतो का, हा खरा प्रश्न आहे.

आपण हिशेबच करून पाहू. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. बोर्डापासून गीझर २० मीटर दूर आहे आणि तार १.५ चौरस मि.मी. जाडीची, तांब्याची आहे असे समजा. जाणारी-येणारी मिळून ४० मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ०.४७ ओहम येतो. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे तारेत ३५ वॅट उष्णता निर्माण होते. त्याच तारेवर तेवढ्याच शक्तीचे आणखी एक उपकरण लावले तर धारा दुप्पट, पण उष्णता चौपट होते : सुमारे १४० वॅट! नळीत कोंडलेल्या तारेची उष्णता सहज बाहेर पडत नाही. आवरण कडक होते, तडकते आणि एक दिवस ठिणगी पडते. गीझरसाठी ४ चौरस मि.मी. ची स्वतंत्र तार घातली, तर तीच उष्णता १३ वॅटवर येते.

म्हणून नियोजनाची सुरुवात यादीने करावी. कोणत्या खोलीत कोणती उपकरणे, किती वॅटची, कोणती एकाच वेळी चालतील, हे लिहून घराच्या नकाशावर मांडावे. मग सर्किटे पाडावीत. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा, तर पॉवरच्या एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नसावेत, असा वायरिंगमधला जुना संकेत आहे. एकूण भार वीजबिलावरील मंजूर भारापेक्षा जास्त होत असेल, तर वीज कंपनीकडे आधी अर्ज करावा.

आता संरक्षणाकडे वळू. एम.सी.बी. उपकरणासाठी असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती तारेची राखणदार आहे. म्हणून तिचे अँपिअर तारेच्या क्षमतेपेक्षा जास्त असता कामा नयेत. ‘सारखी पडते’ म्हणून मोठी एम.सी.बी. बसवणे म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालण्यासारखेच होय.

पण एम.सी.बी. माणसाला वाचवत नाही. ओल्या हाताने फेजला स्पर्श झाला आणि शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० मिलिअँपिअर धारा वाहील. ती प्राणघातक ठरू शकते; पण ६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला तिचा पत्ताही लागत नाही. अर्थिंग असले तरी अडचण राहतेच. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर फेज गीझरच्या पत्र्याला चिकटल्यावर २३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एम.सी.बी. तेवढ्याने तत्काळ पडत नाही. येथे आर.सी.सी.बी. उपयोगी पडते. ती फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परतलेली धारा सतत ताडून पाहते. घरासाठीची आर.सी.सी.बी. ३० मिलिअँपिअरच्या फरकाला वीज तोडते. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली, तर तिला फरक दिसत नाही. म्हणून सावधगिरी सुटत नाही. ही आर.सी.सी.बी. वारंवार पडू लागली तर गळती शोधावी, तिला वगळून जोडणी करू नये.

नियम काय सांगतात? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणे यांसारखी किरकोळ कामे सोडता, वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच करायचे असते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही हेच होते. स्विच आणि एकेरी एम.सी.बी. फेजवरच हवी, कारण न्यूट्रल तोडली तर दिवा विझतो पण होल्डर जिवंतच राहतो. फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी तार वापरावी. पुढच्या दुरुस्तीत कोणाचा तरी जीव या रंगांवर अवलंबून असतो. काम संपल्यावर मेगरने ५०० व्होल्टवर तारांचा विद्युतरोध तपासून घ्यावा. तो किमान १ मेगओहम असावा असा जुन्या नियमांचा दंडक होता. प्लास्टर करण्यापूर्वी नळ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

वर्गात यावर एक चांगला उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांनी बोर्ड न उघडता, काहीही न सोडवता, घरातील उपकरणांवरील वॅट नोंदवावेत, २३० ने भागून धारा काढावी आणि बेरीज मंजूर भाराशी ताडावी. आर.सी.सी.बी. आहे का आणि तिचे चाचणीचे बटण कोणी कधी दाबले होते, हे मोठ्यांना विचारावे. पुष्कळ घरांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जाईल.