पत्त्यांचा कोणता डाव आधी शिकायचा? (तीन पत्ती सगळ्यात शेवटी!)

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं की धंद्यातला निर्णय म्हणजे अर्धे पत्ते हातात आणि अर्धे दुसऱ्याकडे. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, आम्हाला पत्ते येतच नाहीत, कुठून सुरुवात करू?" काहींनी थेट विचारलं की तीन पत्ती शिकू का रमी. दोन्हीही नको, निदान पहिल्या आठवड्यात तरी. का ते सांगतो.

एकदम नवीन असाल तर बदाम सात घ्या. नियम दहा मिनिटांत कळतात. ज्याच्याकडे बदाम सत्ती तो ती टाकतो, मग तिच्या एका बाजूला छक्की, पंजी असं खाली आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठी, नव्वा असं वर लावत जायचं. बाकीच्या तीन सत्त्या ज्याच्याकडे असतील तो त्याच्या सोयीने काढतो, आणि खरी मजा तिथेच आहे. समजा किलवर सत्ती तुमच्या हातात आहे. ती टाकली की किलवरचा रस्ता सगळ्यांना मोकळा. तुमच्याकडे किलवरचा राजा किंवा दुरी अडकलेली असेल तर रस्ता लवकर उघडणं तुमच्याच फायद्याचं. नसेल तर दुसरी चाल आहे तोवर सत्ती दाबून ठेवा. फक्त एक लक्षात घ्या, लावता येणारं पान हातात असताना पास म्हणता येत नाही. शेवटी दुसरं काही उरलं नाही की सत्ती टाकावीच लागते. कुठला माल आधी काढायचा आणि कुठला थांबवायचा, याची सवय इथे फुकटात लागते.

तिघेच असाल तर पाच-तीन-दोन. हा माझा सगळ्यात आवडता, आणि माझ्या मते धंदा करणाऱ्याने शिकलाच पाहिजे. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची २८ पानं आणि इस्पिक व बदामची सत्ती मिळून ३० पानं. प्रत्येकाला १०. एकाने ५ हात करायचे, दुसऱ्याने ३, वाटणाऱ्याने २. पाचवाला पहिली पाच पानं बघून हुकूम बोलतो, म्हणजे अर्धी माहिती हातात असताना त्याला मोठा निर्णय घ्यावा लागतो. पुढच्या डावात टार्गेट फिरतं.

पण खरी गंमत उधारीची आहे. तुमचे दोन हात व्हायला हवे होते आणि चार झाले, तर ज्याचे कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात तुम्ही दोन पानं ओढणार. न बघता ओढायची, आणि बदल्यात आपल्याकडचं नकोसं पान द्यायचं. ओढलेल्या पानात एक्का आला की समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. या डावात कमी पडलेल्याची पुढच्या डावाची सुरुवातच कमजोर हाताने होते. खेळते भांडवल संपल्यावर पुढचा महिना कसा जातो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

चौघे असाल तर मेंढीकोट. समोरासमोर बसलेले दोघे भिडू, प्रत्येकाला १३ पानं आणि सगळी लढाई चार दश्शांसाठी. तीन दस्से केले की डाव जिंकला, दोन-दोन झाले तर ज्यांचे सात हात ते जिंकले, आणि चारही दस्से एकाच जोडीकडे गेले तर मेंढीकोट. नवीन लोकांनी कट हुकूम खेळावा. उतारी आहे त्या रंगाचं पान ज्याच्याकडे पहिल्यांदा संपेल, तो जे पान टाकेल तो हुकूम. भिडूशी बोलायचं नाही, त्याने काय उतरलं त्यावरून ओळखायचं. भागीदारीत दुकान टाकायचा विचार करणाऱ्या जोड्यांना मी चार संध्याकाळी मेंढीकोट खेळायला सांगतो. दस्सा गेल्यावर कोण कुणावर ओरडतो, ते बघा म्हणजे झालं.

आता रमी. १३ पानं, दोन कॅट आणि जोकर. निदान दोन सिक्वेन्स हवेत आणि त्यातला एक बिनजोकरचा. नवीन माणूस इथे एकच गोष्ट करतो, राजा-राणी धरून बसतो. "गुलाम येईल ना!" तो येत नाही आणि समोरचा डाव लावून मोकळा होतो. चित्राचं प्रत्येक पान १० पॉइंटचं, म्हणजे तो पडून राहिलेला मालच. मला मात्र रमीत सगळ्यात मोलाची वाटते ती ड्रॉपची सोय. पॉइंट्सवाल्या रमीत सर्रास पद्धत अशी की पहिल्याच चालीला पानं ठेवून दिलीत तर २० पॉइंट, मध्येच सोडलंत तर ४०, आणि शेवटपर्यंत बसून हरलात तर जास्तीत जास्त ८०. वाईट हात आला तर २० देऊन उठणं स्वस्त. हे सगळ्यांना कळतं, पण फार कमी जणांना जमतं. वहीत लिहून वीस डाव खेळा आणि किती वेळा ८० च्या जवळ पोचलात ते मोजा.

तीन पत्ती शेवटी का, तर तिच्यात शिकण्यासारखं आहे ते पानांत नाही, बोलीत आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० प्रकार होतात, त्यातले ५२ ट्रेल. म्हणजे ४२५ डावांत सरासरी एक. आणि १०० पैकी साधारण ७४ वेळा हातात साधी जोडीसुद्धा नसते. ब्लाइंडची चाल १० ची असेल तर पानं बघितलेल्याला २० टाकावे लागतात, माहितीची किंमत इथे रोख मोजावी लागते. कल्पना छान आहे, पण पैशाशिवाय हा खेळ रंगत नाही, आणि पैसे आले की भांडवल बाहेर पडतं. गोट्या किंवा काडेपेटीच्या काड्या लावून खेळा, कळायला तेवढं पुरे.

अड्ड्यावरचं गणित तर वेगळंच. पाच जण प्रत्येकी ५०० घेऊन बसले. डावाला २०० जमतात आणि जागेचा मालक ५ टक्के नाल काढतो, म्हणजे १० रुपये. ५० डावांत ५०० गेले. एका माणसाचे सगळे पैसे टेबलावरून गायब, आणि पाचही जण म्हणतात मी तर थोडंसंच हरलो! उलाढालीवरचं कमिशन असंच खातं, तुमच्या धंद्यातही.

कायद्याचं विचारलं होतं म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये, आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला आणि तीन पानी खेळ नशिबाचा. पण त्याच निकालात असंही आहे की जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. आणि ऑनलाइन पैशाच्या खेळांसाठी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा फरकच ठेवलेला नाही. तो चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला लागतो. तेव्हा "रमी अ‍ॅपची रील टाका, एवढे मिळतील" किंवा "आमची एजन्सी घ्या" असं कुणी सांगत असेल, तर तो तुम्हाला धंदा देत नाहीये, स्वतःची जोखीम तुमच्या नावावर टाकतोय.

खेळायला बसताना पहिले तीन डाव पानं उघडी ठेवून खेळा, म्हणजे कुणी काय का टाकलं ते बोलता येतं. बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोटला एक कॅट पुरतो. रमीसाठी दोन घ्या, पाठीमागची नक्षी सारखीच बघून.