भेंडवळची घटमांडणी क्रॉनला कळेल का?

१२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्मोत्सव असतो. समजा, त्या सकाळी बरोबर सहा वाजता एखाद्या सर्व्हरवरून शुभेच्छांचे मेल जायला हवेत. कुणी लॉगिन केलेलं नाही, सगळे झोपेत. तरी काम होतं. एक ओळ पुरते:

० ६ १२ १ *

मिनिट, तास, तारीख, महिना, वार, असा क्रम. चांदणी म्हणजे ‘कोणताही’. इथे वार कोणताही चालेल. पुढे कुठला प्रोग्राम चालवायचा ते लिहायचं, बस!

ही ओळ वाचतो तो क्रॉन. १९७९ साली बेल लॅब्सच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. पडद्याआड सतत चालणाऱ्या अशा प्रोग्रामला डीमन म्हणतात. त्याचं काम थक्क करण्याइतकं साधं आहे. दर मिनिटाला जागं व्हायचं, घड्याळ पाहायचं, जुळणाऱ्या ओळींची कामं सुरू करून द्यायची आणि पुन्हा झोपायचं.

पण त्याला आधी कुणी उठवायचं? सर्व्हर चालू होताना एक क्रमांकाची प्रोसेस जागी होते. आजच्या बहुतेक लिनक्सवर ती ‘सिस्टमडी’. तिला दोन हुकूम द्यावे लागतात. ‘स्टार्ट’ म्हणजे क्रॉनला आत्ता सुरू कर. ‘एनेबल’ म्हणजे यापुढे मशीन चालू झालं की दर वेळी सुरू कर. नुसतं ‘स्टार्ट’ केलं तर आज सगळं सुरळीत आणि रीबूटनंतर चिडीचूप. ओळ जागच्या जागी असते, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. फक्त मेल जात नाहीत. बरं, ऐन सहाला मशीन बंद असेल, तर साधा क्रॉन राहिलेलं काम नंतर करत बसत नाही.

घड्याळाचीही गंमत आहे. पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे चालतात. अशा सर्व्हरवर वरची ओळ तशीच ठेवली, तर सिंदखेडराजात मेल पोचतील साडेअकराला. तिथे ‘३० ० १२ १ *’ असं लिहावं लागेल.

आता सिंदखेडराजाच्याच जिल्ह्यातलं, जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ घ्या. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्यांची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. ही तिथी २०२४ मध्ये १० मे रोजी आली, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. पाच रकान्यांत ती बसवायची कशी? नाहीच बसत. क्रॉनला चंद्र ठाऊक नाही.

मग जाणकार काय करतात? क्रॉनला ते रोज पहाटे एक छोटा प्रोग्राम चालवायला सांगतात. तो प्रोग्राम पंचांगाची यादी पाहतो; तिथी असेल तर कामाला लागतो, नसेल तर गुमान थांबतो. वेळ क्रॉनने पाळायची, तिथी प्रोग्रामने ओळखायची. क्रॉनला इतकं कमी ठाऊक आहे, म्हणूनच त्याच्याकडून वाटेल ते काम करून घेता येतं.