नंबर, डेटा, हँडसेट : तीन सौदे वेगळे ठेवा

परदेशात राहायला गेलेल्याला मोबाईलचा प्लॅन मिळवताना अडचण येते ती भाषेची, असं आपण गृहीत धरतो. जपानच्या बाबतीत हे पुरेसं खरं नाही. पुण्यात जपानी शिकून तिकडे नोकरीला किंवा शिक्षणाला जाण्याची वाट आता काही दशकं जुनी आहे, आणि उत्तम जपानी बोलणारी माणसंही पहिल्या महिन्यात मोबाईलच्या दुकानातून रिकाम्या हाताने परततात. खरी गोम वेगळी आहे. दुकानात ‘प्लॅन’ म्हणून जे समोर ठेवलं जातं त्यात तीन वेगळे सौदे एकत्र बांधलेले असतात : बोलण्यासाठी नंबर, इंटरनेटसाठी डेटा आणि हप्त्यांवर हँडसेट. नंबर देताना कंपनी विचारते, तुम्ही कोण? डेटा देताना विचारते, पैसे कसे भरणार? हँडसेट देताना विचारते, दोन वर्षं इथे राहाल का आणि तुमची पत काय? नवख्या माणसाकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं, दुसऱ्याचं जमवता येतं, तिसऱ्याचं मात्र नसतं. तिन्ही सौदे एकाच अर्जात गेले की तिसऱ्यापायी पहिले दोनही बुडतात. म्हणून ते सुटे करून घेणं यातच नवख्याचं हित आहे.

आधी नंबर. नातू किंवा मुलगा असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसांना फोनवरून लुबाडणाऱ्या टोळ्या या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये फोफावल्या. त्यांना आळा घालण्यासाठी 2005 मध्ये कायदा झाला आणि बोलण्याचा नंबर देण्यापूर्वी ग्राहकाची ओळख पटवणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. परदेशी नागरिकाची ही ओळख म्हणजे त्याचं रहिवासी कार्ड. नारिता, हानेदा यांसारख्या मोठ्या विमानतळांवर ते उतरल्या उतरल्या हातात पडतं, पण त्यावर पत्ता नसतो. घर मिळाल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात नोंद केली की तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापला जातो. त्याआधी दुकानात जाणं म्हणजे हेलपाटाच. इथेच ते प्रसिद्ध चक्र सुरू होतं. बँकेला खातं उघडायला नंबर हवा असतो आणि मोबाईल कंपनीला दरमहा पैसे वळते करायला बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड हवं असतं. चक्र तोडायचं तर नंबरापासूनच तोडावं लागतं. परदेशी नागरिकांनाच सेवा देणाऱ्या काही छोट्या कंपन्या दरमहाचे पैसे कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये रोख भरू देतात. त्यांचा दर थोडा चढा वाटला तरी बिघडत नाही, कारण जपानमध्ये नंबर पोर्ट करता येतो. आधी नंबर हाती घ्यावा, स्वस्त प्लॅनचा शोध खातं उघडल्यावर घ्यावा.

हँडसेटचं गणित याच्या उलट आहे. हप्ते साधारण दोन वर्षांचे असतात आणि भाषाशाळेच्या विद्यार्थ्याचा व्हिसा अनेकदा जेमतेम सव्वा वर्षाचा, त्यामुळे नकार ठरलेलाच. मंजुरी मिळाली तरी ते कर्जच असतं. हप्ता चुकला की त्याची नोंद पतमाहिती संस्थेकडे जाते आणि पुढे क्रेडिट कार्ड मागताना ती आडवी येते. त्यापेक्षा भारतातला फोन सोबत नेणं शहाणपणाचं. 2021 च्या ऑक्टोबरपासून जपानी कंपन्यांना नव्या फोनवर सिम लॉक घालायला बंदी झाली, त्यामुळे तिथला सेकंडहँड फोनही आता सहज चालतो. मात्र भारतातला फोन नेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. ज्या जपानी कंपनीचा नंबर घेणार तिचे फ्रीक्वेन्सी बँड आपला फोन पकडतो का, आणि त्याला जपानी रेडिओ कायद्याचं ‘गितेकी’ हे प्रमाणचिन्ह आहे का. हे चिन्ह नसलेल्या फोनसाठीची 90 दिवसांची सवलत पाहुण्यांना आहे, रहिवाशांना नाही.

एकत्र घेतलं की स्वस्त पडतं, असं यावर कोणी म्हणेल. एकेकाळी तसं दिसत होतं खरं. हँडसेट जवळपास फुकट देऊन त्याची भरपाई मासिक बिलातून काढायची, दोन वर्षांच्या आत कोणी सोडून गेला तर 9,500 येन दंड लावायचा, अशी ती रीत होती. तिचा भार दीर्घकाळ न राहणाऱ्यांवर सर्वांत जास्त पडे. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनेच हँडसेटची किंमत आणि सेवेचं शुल्क वेगळं करायला लावलं आणि दंडावर 1,000 येनची मर्यादा घातली. पुढे पंतप्रधान सुगा यांनी दर उतरवण्याचा तगादा लावला, तेव्हा 2021 च्या मार्चमध्ये आहामो, पोवो आणि लाइनमो हे तिन्ही मोठ्या कंपन्यांचे ऑनलाइन प्लॅन आले. 20 जीबी डेटा 3,000 येनच्या आत मिळू लागला. सौदे सुटे केले की दर उतरतात, हे जपाननेच दाखवून दिलं आहे.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो : नंबर हवाच कशाला, ई-सिमवर डेटा घेऊ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू. पहिल्या दोन आठवड्यांसाठी हे बरोबर आहे. 2005 च्या कायद्याचा रोख बोलण्याच्या नंबरांवर होता, नुसत्या डेटाच्या सिमला त्याने ओळख पटवण्याची सक्ती केली नाही, त्यामुळे असं सिम चटकन मिळतं. पण त्यावरून पोलिसांचा 110 किंवा रुग्णवाहिकेचा 119 लागत नाही. भूकंपाच्या देशात ही छोटी उणीव नव्हे. शिवाय बँक आणि वॉर्ड ऑफिस तुम्हाला गाठणार ते जपानी नंबरावरच.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फसवणूक खरी आहे, मग कंपन्यांनी कडक राहू नये का? राहावं. पण कायदा मागतो ती ओळख. क्रेडिट कार्डाचा आग्रह कंपनीच्या वसुलीच्या सोयीचा असतो. रहिवासी कार्ड, पत्ता आणि छायाचित्र दाखवणारा माणूस कोण आहे हे सरकारला पुरेसं ठाऊक असतं. त्याने आगाऊ रोख भरली तर कंपनीचं काहीच बुडत नाही. सुरक्षेच्या नावाखाली पत तपासणं ही सरमिसळ थांबवणं कंपन्यांच्याच हातात आहे.

भारतातल्या नंबरालाही हाच विचार लावावा. परदेशी नंबरावर यूपीआय वापरण्याची मुभा अनिवासी भारतीयांच्या खात्यांना 2023 च्या जानेवारीत मिळाली, तेव्हाच्या दहा देशांच्या यादीत जपान नव्हता. बँकेचे ओटीपी जुन्या नंबरावरच येतात, आणि 90 दिवस वापर नसलेला नंबर बंद होऊ शकतो. त्या नंबरावर डेटाचा रिचार्ज निरर्थक आहे, सिम जिवंत ठेवण्यापुरता प्लॅन बस होतो. 2024 च्या डिसेंबरमध्ये दूरसंचार नियामक ट्रायनेही कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देणं भाग पाडलं.

तेव्हा निघण्यापूर्वी क्रम ठरवून घ्यावा : फोन इथून, पहिल्या दिवसांचा डेटा ई-सिमवर, पत्त्याची नोंद होताच साधा बोलण्याचा नंबर, मग बँक, आणि स्वस्त प्लॅन सर्वांत शेवटी. या क्रमात कुठल्याही टप्प्यावर अजून हाती नसलेला कागद कोणी मागत नाही.